पुढच्या गाडीची बाजू

फॉर्म्युला वनच्या मांडणीतच एक गंमत आहे. शनिवारी प्रत्येक ड्रायव्हरची सगळ्यात वेगवान लॅप, म्हणजे ट्रॅकची एक फेरी, मोजतात. रविवारी जो सगळ्यात वेगवान तो सगळ्यात पुढे, त्याच्याहून किंचित मंद तो त्याच्या मागे, अशी रांग लावतात. मग दिवे विझतात, शर्यत सुरू होते आणि तासाभराने आपण सोफ्यावर बसून कुरकुरतो, ‘आज काही ओव्हरटेकिंगच नाही!’ असेल कुठून? वेगवान गाड्या वेचून तुम्हीच पुढे नेऊन ठेवल्यात. मागच्याने कशाच्या जोरावर पुढे जायचं?

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवाल्यांना हे शहाणपण फार पूर्वीपासून आहे. हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन ठेवतात, म्हणजे शेवटच्या दोनशे मीटरमध्ये सगळे एकमेकांच्या अंगावर येतात. मोटारवाल्यांना असं करायची लाज वाटते. सर्वोत्तम गाडी बनवणाऱ्याला शिक्षा कशी द्यायची, हा त्यांचा प्रश्न, आणि तो रास्तही आहे. त्यामुळे इथे ओव्हरटेकिंग व्हायचं तर काहीतरी बिघडावं लागतं. पाऊस यावा लागतो, कोणाचे टायर संपावे लागतात, कोणाची सुरुवात फसावी लागते, नाहीतर पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या थांब्यावर, चाकाचा नट अडकावा लागतो. सगळं सुरळीत पार पडलं तर मिरवणूकच निघते.

त्यात हवेचं दुखणं वेगळं. फॉर्म्युला वनची गाडी हवेच्या दाबाने रस्त्याला चिकटते. पुढचे-मागचे पंख आणि तळाचा आकार मिळून गाडीला खाली दाबतात, म्हणून तर ती वळणं अशक्य वाटणाऱ्या वेगाने घेते. पण हे करताना ती मागे घुसळलेली, विस्कटलेली हवा सोडते. मागच्याला मिळते ती ही उष्टी हवा. सरळ रस्त्यावर तिचा फायदाच होतो, कारण समोरचा विरोध कमी. पण ओव्हरटेक सरळ रस्त्यावर पूर्ण होत असला तरी त्याची तयारी आधीच्या वळणात करावी लागते, आणि नेमकं तिथेच मागच्या गाडीचं नाक हलकं पडतं. स्टिअरिंग वळवलं तरी पुढची चाकं बाहेर घसरत राहतात, ड्रायव्हर आणखी वळवतो, टायर तापतात, आणि चार-पाच लॅपमध्ये तो दीड-दोन सेकंद मागे सरकतो. घरी आपण म्हणतो, दमला वाटतं. दमलेले टायर असतात.

२०२२ साली नियम बदलले तेव्हा फॉर्म्युला वनने स्वतःच आकडे दिले होते. २०२१ची गाडी पुढच्या गाडीपासून वीस मीटरवर असताना तिचा ३५ टक्के दाब जायचा, आणि दहा मीटरवर आली की ४६ टक्के. नव्या गाडीचे आकडे ४ आणि १८. दाब तयार करायचं काम बरंचसं तळाकडे दिलं होतं आणि मागची हवा उंच उडवून लावली होती. पहिलं वर्ष बरं गेलं. मग अभियंत्यांनी आपापल्या गाडीचा वेग वाढवताना हवा पुन्हा विस्कटायला सुरुवात केली, आणि २०२५पर्यंत ड्रायव्हरांच्या तोंडी तीच जुनी तक्रार आली. नियम करणारे मोजके, पळवाटा शोधणारे शेकडो आणि पगारी. दुसरं काय होणार?

आमच्याकडे या शर्यती दोन माणसं बघतात, मी आणि माझा मामा. तो भांडुपला राहतो, मी मुलुंडला. युरोपातल्या बहुतेक शर्यती आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू होतात, त्यामुळे दुपारची झोप काढून चहाच्या वेळेला तो हजर. मामाने सगळी नोकरी एसटीत ड्रायव्हर म्हणून केली, त्यातली बरीच वर्षं दादर-पुणे एशियाडवर. एक्सप्रेसवे व्हायच्या आधीचा बोरघाट त्याने पावसात, धुक्यात, ट्रकांच्या रांगेत चढला-उतरलेला आहे. शिंगरोबाच्या देवळापाशी नाणं टाकल्याशिवाय कधी पुढे गेला नाही. खोपोलीहून वर चढताना लोड गाडीला ओव्हरटेक मारणं म्हणजे काय, हे मला त्याच्याकडून जितकं कळलं तितकं कुठल्याही इंग्रजी समालोचकाकडून कळलेलं नाही.

त्याचं म्हणणं असं, की घाटात ओव्हरटेक दोघं मिळून मारतात. मागच्याने डिपर द्यायचा, पुढच्याने आरशात बघायचं. समोर मोकळं असेल तर पुढचा जरा डावीकडे सरकतो, ॲक्सिलरेटर किंचित सोडतो. नसेल तर तसाच मधोमध राहतो, आणि मागच्याने त्यातून काय ते समजायचं. ‘पुढच्याला वरचं वळण दिसतं, तुला त्याचा फाळका दिसतो,’ असं तो म्हणतो. ‘पण त्याने हात दाखवला म्हणून आंधळेपणाने जायचं नाही. त्याचा हात, गाडी तुझी.’

शर्यतीत पुढचा हात दाखवत नाही, उलट वाट अडवायलाच बसलेला असतो. तरी हा प्रकार दोघांचा असतो, हे मामाचं म्हणणं मला तिथेही लागू वाटतं.

१४ नोव्हेंबर २०१०, अबू धाबी. मोसमातली शेवटची शर्यत. फर्नांडो अलोन्सोला विश्वविजेतेपदासाठी चौथा क्रमांक पुरत होता. त्याच्या फेरारी संघाने गुणांत त्याच्या मागोमाग असलेल्या मार्क वेबरवर डोळा ठेवून त्याला लवकर पिटमध्ये बोलावलं आणि तो बाहेर पडला तो व्हिताली पेट्रोव्हच्या मागे. पेट्रोव्ह हा पहिल्याच मोसमातला रशियन पोरगा, रेनॉची गाडी. त्याने टायर बदलायचं काम पहिल्याच लॅपला उरकलं होतं, त्यामुळे त्याला आता पिटमध्ये जायचं नव्हतं. पुढच्या जवळजवळ चाळीस लॅप अलोन्सो त्याच्या मागे होता. दर लॅपला लांब सरळ रस्त्यावर जवळ यायचा, ब्रेकिंगला कमी पडायचा, वळणावळणांत पुन्हा लांब जायचा. पेट्रोव्ह सहावा, अलोन्सो सातवा. विजेतेपदाचा तिसरा दावेदार सेबास्टियन व्हेटेल शर्यत जिंकून २५६ गुणांवर पोहोचला आणि अलोन्सो २५२ वर राहिला. शर्यत संपल्यावर अलोन्सोने शेजारी जाऊन पेट्रोव्हला हातवारे करून दाखवले, ते सगळ्या जगाने पाहिले.

मी तेव्हा अलोन्सोच्या बाजूची. पेट्रोव्हला लाखोली वाहत बसले होते. मामा शांत. ‘अगं, त्याचं काय चुकलं? त्याला काय पाटी लावली होती, की मागे मोठा माणूस येतोय, बाजूला हो म्हणून? एकदा तरी वाकडी घातली का त्याने गाडी? मागच्याची घाई मागच्याची.’

आणि खरंच, ती शर्यत पुन्हा पाहिली तर पेट्रोव्हच्या गाडीत चूक सापडत नाही. ब्रेक मारायची जागा ठरलेली, वळणातून बाहेर पडताना चाक फिरणं नाही, घाबरून आतली बाजू राखणं नाही. ज्या माणसाचं नाव आज कोणाच्या लक्षात नसतं, त्याने आयुष्यातलं सगळ्यात चोख काम त्या संध्याकाळी केलं. पण जगाने ते पाहिलं ते ‘ओव्हरटेकिंग अशक्य झालंय’ याचा पुरावा म्हणून.

पुढच्या वर्षी, २०११ला डीआरएस आलं. अनेकांना वाटतं की ते पेट्रोव्हमुळे आलं. तसं नाही. तो निर्णय २०१०च्या जूनमध्येच झाला होता, अबू धाबीने फक्त त्यावर शिक्कामोर्तब केलं. डीआरएस म्हणजे मागच्या पंखाची वरची फळी उघडण्याची सोय. ठरलेल्या रेषेवर तुम्ही पुढच्या गाडीपासून एका सेकंदाच्या आत असाल, तर पुढच्या सरळ रस्त्यावर बटण दाबून फळी उघडायची. हवेचा विरोध कमी व्हायचा, ताशी दहा-बारा किलोमीटर जास्त मिळायचे. पुढच्याला ती सोय नसायची. त्याच्याही पुढे सेकंदाच्या आत कोणी असेल तरच मिळायची.

बचावासाठी एकच सांगता येईल, की उष्टी हवा हा पुढच्याला फुकट मिळालेला फायदा होता आणि डीआरएसने मागच्याला त्याची भरपाई दिली. हिशेब म्हणून बरोबर आहे. पण भरपाई जास्त झाली की काय व्हायचं, ते आठवा. लांब सरळ रस्ता, मागच्याची फळी उघडते, तो अर्ध्या रस्त्यातच शेजारून सळसळत निघून जातो, ब्रेकिंगच्या जागेपर्यंत पोहोचायच्या आत प्रकरण मिटलेलं असतं. पुढच्या ड्रायव्हरलाही ते ठाऊक असतं, म्हणून तो आरशात बघून सोडून देतो. उगाच भांडून टायर कशाला जाळा? आकडेवारीत तो एक ओव्हरटेक. एक्सप्रेसवेवर उजव्या लेनमधून एसयूव्हीने ट्रकला मागे टाकावं तितकंच त्यात नाट्य. मामा पहिल्यांदा हे बघून म्हणाला होता, ‘ह्याला काय ओव्हरटेक म्हणायचं? पुढच्याला हातच बांधून बसवलंय.’

बांधलेले हात, हेच मला डीआरएसमधलं सलणारं. ओव्हरटेकची किंमत पुढच्याला तो रोखण्याची किती संधी होती यावर ठरते, असं माझं मत. संधी शून्य असेल तर जो पुढे गेला त्याचं कौतुक कसलं?

आपल्याकडची पहिली ग्रांप्री याच डीआरएसच्या पहिल्या वर्षातली, ३० ऑक्टोबर २०११, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. किलोमीटरहून लांब सरळ रस्ता मुद्दाम ओव्हरटेकिंगसाठी आखलेला. पण व्हेटेल पोलवरून, म्हणजे रांगेतल्या पहिल्या जागेवरून सुटला, पहिल्यापासून शेवटपर्यंत पुढे राहिला, सगळ्यात वेगवान लॅपही त्याचीच. आपण एवढा रस्ता बांधला आणि जिंकणाऱ्याला कोणाच्या मागे जायची वेळच आली नाही! व्हेटेलच्या त्या २०११च्या जातीची रेड बुल पुढे मुंबईतही येऊन गेली. मार्च २०२३मध्ये माजी ड्रायव्हर डेव्हिड कुल्टहार्डने ती बँडस्टँडवर चालवली, गोल गोल फिरवून धूर काढला. गर्दी तुफान. आवाज असा, की छातीची फासळी न् फासळी थरथरावी. पण रस्त्यावर गाडी एकच, त्यामुळे दहा मिनिटांत मला कंटाळा आला. एकट्या गाडीचा वेग डोळ्यांना कळत नाही, दुसरी शेजारी आली की कळतो.

दुसरी शेजारी येण्याची सगळ्यात सुंदर गोष्ट मला विचाराल तर २७ ऑगस्ट २०००, बेल्जियममधलं स्पा. ती सगळ्यांनाच माहीत आहे, पण मला त्यातल्या तिसऱ्या माणसाबद्दल बोलायचंय. मिका हॅकिनेन मिखाएल शूमाकरच्या मागे होता. आदल्या लॅपला केमेल स्ट्रेट या लांब सरळ रस्त्यावर तो शेजारी यायला बघत होता तेव्हा शूमाकरने ताशी तीनशेच्या वेगात गाडी अशी दाबली, की हॅकिनेनला माघार घ्यावी लागली. पुढच्या लॅपला दोघं त्याच रस्त्यावर आले, तर समोर एका लॅपने मागे असलेला रिकार्डो झोंटा, रस्त्याच्या मधोमध. शूमाकरने डावी बाजू धरली. साहजिकच हॅकिनेनने त्याच्या मागोमाग जायला हवं होतं. तो उजवीकडे गेला. झोंटाच्या डावीकडून एक, उजवीकडून एक. पुढे आलं ले कॉम्बचं उजवं वळण, आणि आतली बाजू हॅकिनेनकडे. प्रकरण संपलं. शर्यत ४४ लॅपची, हे घडलं ४१व्या लॅपला.

मी हा तुकडा मामाला फोनवर दाखवला, खूप उशिरा. त्याने तो दोनदा पाहिला आणि म्हणाला, ‘मधला खरा ड्रायव्हर.’

मला आधी वाटलं थट्टा करतोय. नव्हता करत. त्याचं म्हणणं, की मागून दोन वेडे दोन्ही बाजूंनी अंगावर येतात तेव्हा माणसाचा हात आपोआप हलतो. एकाला जागा द्यावी म्हणून तू अर्धा फूट सरकलास की दुसरा गेला दरीत. घाटात बरेच अपघात मदत करायला गेलेल्याने केलेत. अशा वेळी काही करायचं नाही, सरळ चालायचं. झोंटा सरळ चालला. त्या एका क्षणी तिघांचा एकमेकांवर विश्वास होता, आणि त्यातल्या एकाला शर्यतीशी काही देणंघेणं नव्हतं.

शर्यतीनंतर हॅकिनेन शूमाकरजवळ जाऊन हातांनी गाड्या करून दाखवत होता. तू इथे, मी इथे, तू असा आलास. आवाज चढलेला नाही, बोट रोखलेलं नाही. दोन हात एकमेकांजवळ आणून, मधलं अंतर दाखवून, जे बोलायचं ते बोलला. आदल्या लॅपबद्दल. आज ते दोघं आपापल्या इंजिनिअरला रेडिओवर सांगत बसले असते, की त्याने मला जागा ठेवली नाही. मग स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीचे पंच, आले असते, आतल्याचा पुढचा ॲक्सल वळणाच्या टोकावर बाहेरच्याच्या आरशाच्या रेषेत होता का हे तपासलं असतं, आणि कोणाला तरी पाच नाहीतर दहा सेकंदांची शिक्षा झाली असती. नियम हवेत, नाही असं नाही. तीनशेच्या वेगात कोणी कोणाला दाबू नये. पण हल्ली ड्रायव्हर ओव्हरटेक मारताना समोरच्याबरोबरच नियमपुस्तकाशीही शर्यत लावतात. वळणाच्या टोकाला नाक पुढे दिसलं पाहिजे म्हणून ब्रेक उशिरा मारतात, मग वळण साधलं नाही तरी चालतं.

अलोन्सोकडे परत येते, कारण तो अबू धाबीनंतर बसून राहिला नाही. १ ऑगस्ट २०२१, हंगेरी. तीनच दिवसांपूर्वी त्याला चाळीस पूर्ण झालेली. पहिल्या वळणावरच्या धडकाधडकीने अर्धा क्रम उलटापालटा झालेला, त्याचा साथीदार एस्तेबान ओकों सगळ्यात पुढे, आणि मागून लुईस हॅमिल्टन नव्या टायरवर सगळ्यांना गिळत येतोय. मध्ये अलोन्सो. दहाएक लॅप त्याने हॅमिल्टनला अडवून धरलं, त्याच्याहून किती तरी मंद गाडीत. पहिल्या वळणाला आतली बाजू राखायची, दुसऱ्यात बाहेर सुटू द्यायचं पण तिसऱ्याच्या तोंडाशी पुन्हा आपण, चौथ्याच्या चढावर शेजारीशेजारी आणि तरीही पुढे. शेवटी त्याचं एक चाक ब्रेकिंगला अडकलं आणि हॅमिल्टन गेला. तोवर ओकोंपर्यंत पोहोचायला लॅप उरल्या नव्हत्या. ओकोंचा पहिला विजय, पण त्याची वीट अलोन्सोने वाहिली. मामा उठून उभा राहिला होता. ‘पेट्रोव्हकडनं शिकला बघ!’

आणि मग नोव्हेंबर २०२३, ब्राझील. ही आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होते, म्हणजे सोमवारी ऑफिस असलेल्यांनी बघू नये अशी. तिसऱ्या क्रमांकावर अलोन्सोची ॲस्टन मार्टिन, मागे सर्जिओ पेरेझची रेड बुल. त्या वर्षी २२पैकी २१ शर्यती जिंकणारी गाडी, वर डीआरएस. म्हणजे हात बांधलेल्या पुढच्याचं नमुनेदार उदाहरण. अलोन्सोने काय केलं, ते नीट बघण्यासारखं आहे. शेवटच्या वळणातून वर चढणारा लांब रस्ता हा पेरेझचा हल्ल्याचा रस्ता. त्यामुळे अलोन्सोने त्याआधीच्या संथ वळणांत आपली रेषा मोडली. नेहमीच्या जागी वळायचं नाही. कधी उशिरा वळायचं, कधी मध्येच वेग कमी ठेवायचा, जेणेकरून मागच्याला उष्ट्या हवेत नको तिथे स्टिअरिंग वळवावं लागेल आणि बाहेर पडताना ॲक्सिलरेटर उशिरा दाबता येईल. तिथे दोन दशांश सेकंद हरवले, की फळी उघडूनही पेरेझ शेजारी पोहोचत नव्हता. आपली लॅप थोडी खराब करून दुसऱ्याची जास्त खराब करायची. मामा तेव्हा नेमका गावाला. मी फोन करून उठवलं तर म्हणाला, ‘चढाच्या आधी गिअर पाडायला लावतोय त्याला. हे आमचं.’

शेवटून दुसऱ्या लॅपला पेरेझने अखेर गाठलंच. मी टीव्ही बंद करायच्या बेतात होते. शेवटच्या लॅपला चौथ्या वळणावर अलोन्सो बाहेरून पुन्हा पुढे. रेषेवर फरक ०.०५३ सेकंदाचा. डीआरएस दोघांनाही आलटून पालटून मिळालं होतं, म्हणजे बटणाने तो निकाल दिला नाही.

मोनॅकोबद्दल मात्र मी कोणाचंच ऐकायला तयार नाही. तिथे २०२४ला पहिले दहा जण ज्या क्रमाने सुटले त्याच क्रमाने पोहोचले. लगेच ओरड झाली, म्हणून २०२५ला दोन पिटस्टॉपची सक्ती आणली. तर काही संघांनी आपल्या एका गाडीला मुद्दाम संथ चालवून मागच्यांचा खोळंबा केला आणि दुसऱ्या गाडीसाठी पिटस्टॉपपुरती जागा करून घेतली. अरुंद गल्ली आहे ती, तिथे जवळजवळ दोन मीटर रुंद गाड्या शेजारीशेजारी जायच्याच नाहीत. मोनॅकोची शर्यत शनिवारी होते, रविवारी बक्षीस समारंभ. तसंच राहू द्या.

२०२६पासून डीआरएस गेलं. आता सरळ रस्त्यावर पंख सगळ्यांचेच उघडतात, आणि सेकंदाच्या आत असलेल्या मागच्याला बॅटरीतली जादा वीज मिळते. जाहीर झालेल्या नियमांत मांडणी अशी होती, की ताशी २९०च्या पुढे पुढच्या गाडीची विजेची ताकद उतरत जाते, मागच्याला ती ३३७पर्यंत पूर्ण वापरता येते. गाड्या तीस किलोने हलक्या, दहा सेंटिमीटरने अरुंद. मला यातली एक गोष्ट आवडली. फळी उघडायला काही लागत नव्हतं. वीज खर्च होते. या रस्त्यावर बॅटरी ओतून पुढे गेलात तर पुढच्या रस्त्यावर तुमच्याकडे कमी असणार, आणि ज्याला मागे टाकलंत तो ती राखून बसलेला असू शकतो.

मामाला हे समजावून सांगताना मी टेबलावर बिस्किटं मांडून बॅटरी दाखवत होते. त्याने सगळं ऐकून घेतलं, दोन बिस्किटं उचलली आणि विचारलं, ‘आणि पुढच्याला कळतं का, मागच्याकडे किती उरलीय ते?’